जुन्या जीपचा क्लच : पेडलचा एक इंच खेळ

आमची जीप १९६८ची, पेट्रोल इंजिनाची महिंद्रा सीजे-थ्री-बी. बाबांनी ती घेतली तेव्हा हिंगणघाट ते आमचं गाव हा रस्ता पावसाळ्यात चार महिने नुसता काळा चिखल असायचा. आता रस्ता डांबरी झाला, पण शेतात जायला अजून तीच जीप लागते आणि तिचा क्लच मी स्वतःच बसवतो. दरवर्षी कापूस निघायच्या आधी आजूबाजूच्या गावांतली दोन-चार पोरं हे काम विचारायला येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. क्लच पेडल हलकं दाबलं की पहिला थोडा प्रवास मोकळा जातो आणि मग जोर लागायला सुरुवात होते. तो मोकळा प्रवास म्हणजे खेळ. या जीपमध्ये तो पेडलवर साधारण एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर असावा. क्लच प्लेटला इंजिनाच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दाबून धरते ती प्रेशर प्लेट. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग तिच्या फिंगरांना, म्हणजे बोटांसारख्या दांड्यांना, ढकलून ती पकड सोडवतं. पाय पेडलवर नसतो तेव्हा हे बेअरिंग फिंगरांपासून दीड-दोन मिलिमीटर दूर उभं असतं. आत जेमतेम एवढीच फट असते, पेडलवर तिचा इंच होतो. ही फट गेली तर बेअरिंग दिवसभर फिंगरांना घासत फिरतं, प्रेशर प्लेट पूर्ण दाबत नाही आणि क्लच प्लेट सरकून जळते.

मी बावीस वर्षांचा असताना हेच केलं. पेडल सैल वाटतं म्हणून सगळा खेळ काढून टाकला. पेडल ताठ आणि वर लागायला लागलं, मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ट्रेलरमध्ये पाच क्विंटल कापूस भरून हिंगणघाटच्या बाजाराला निघालो. नाल्यातून वर येताना इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. जळक्या वासाने डोळे भरून आले. बैलजोडी लावून जीप वर काढली. बाबा एक शब्द बोलले नाहीत, पण नव्या प्लेटचे पैसे त्यांनी बियाण्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून दिले, हे मला अजून विसरता येत नाही.

त्या वेळी प्लेट बदलून देणारे चाचा मला म्हणाले होते, "बापू, पायाले नोको इचारू, हाताले इचार." पायाला बूट असतो, जोर असतो, सवय असते. खेळ नेहमी हाताने मोजायचा.

मोजणी अशी. इंजिन थंड हवं, म्हणून सकाळचा चहा घ्यायच्या आधीच मी हे काम करतो. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. जीपच्या तळाच्या फळीवरची चटई काढा. या जीपची पेडलं फळीच्या भोकातून खाली जातात, त्यामुळे काळी माती तिथे साचते आणि वाळली की सिमेंटसारखी घट्ट होते. पेडल पूर्ण वर येत नसेल तर बऱ्याचदा दोष या मातीचा असतो. भोक खरवडून साफ करा, खालची रिटर्न स्प्रिंग ओढून बघा. स्प्रिंग ढिली असेल तर आधी ती बदला. नाहीतर पेडल स्वतःच्या वजनाने खाली लोंबतं आणि मोजमाप खोटं येतं.

मग एक लाकडी पट्टी फळीवर पेडलशेजारी उभी धरा. पेडल मोकळं असताना त्याची कड जिथे येते तिथे पेन्सिलीने खूण करा. दोन बोटांनी पेडल हळू दाबा. आधी फक्त स्प्रिंगचा हलका ताण लागेल, नंतर एकदम जड होईल. जड झालं तिथे दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमचा खेळ. तीनदा मोजा. तिन्ही वेळा वेगळं आलं तर नटाला हात लावू नका, आधी जोडणी तपासा.

जोडणी अशी आहे. पेडलच्या शाफ्टवरून जोर एका आडव्या नळीवर जातो. ही नळी एका टोकाला चॅसीवर आणि दुसऱ्या टोकाला बेल हाउसिंगवर, म्हणजे क्लचभोवतीच्या लोखंडी खोक्यावर, गोळीत बसलेली असते. तिच्या कानापासून क्लच फोर्कपर्यंत, म्हणजे रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या काट्यापर्यंत, एक आखूड केबल जाते आणि केबलच्या टोकाच्या आट्यांवर खेळ कमी-जास्त करणारा अॅडजस्टिंग नट व त्याला जागी घट्ट धरणारा चेक नट असतात. नळीच्या गोळ्या कोरड्या पडल्या की पेडल करकरतं आणि अडकत वर येतं. तिथे ग्रीस भरा. पिनांची भोकं झिजून लांबट झाली असतील तर पिना बदला. नळीचं एक टोक चॅसीवर आणि एक इंजिनाच्या अंगावर असल्यामुळे इंजिनाखालचे रबरी माउंट दबून बसले असतील तरी क्लच सोडताना गाडी थरथरते. अशी थरथर नट फिरवून जात नाही. कितीतरी लोक माउंट न बघता प्लेट उतरवतात, त्याचं मला वाईट वाटतं.

आता नट. पान्हे इंचाचेच घ्या. मिलिमीटरचा पान्हा 'बसतो' असं वाटतं आणि नटाची टोकं गोल करून जातो. आट्यांवर डिझेल टाका, लोखंडी ब्रशने घासा, अर्धा तास थांबा. चेक नट ढिला करा. केबलला पीळ पडू नये म्हणून तिचं टोक पक्कडीने धरा आणि मगच अॅडजस्टिंग नट फिरवा. पीळ पडलेल्या केबलची एकेक तार तुटत जाते. नट घट्ट केला की केबल आखूड होते आणि खेळ कमी होतो. ढिला केला की खेळ वाढतो. एका वेळी अर्धाच फेरा. फेरा द्या, पेडल दोन-तीनदा पूर्ण दाबून सोडा, पट्टीवर मोजा. इंच आला की चेक नट आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना थोडा फरक पडतोच.

खूप जणांचा गोंधळ इथे होतो : क्लच प्लेट झिजली की खेळ वाढत नाही, कमी होतो. अस्तर पातळ झालं की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिच्या फिंगरांची टोकं उलट मागे, बेअरिंगकडे येतात. म्हणून प्लेट वापरली जाते तसतसा नट थोडा थोडा ढिला करत जायचं असतं. खेळ वाढलेला दिसला तर झीज पिना, नळी किंवा केबलमध्ये शोधा. दोन्हीकडे झीज असेल तर एक दुसरीला झाकते. म्हणून जोडणी आधी आणि नट नंतर, हा क्रम मी कधी बदलत नाही.

बसवल्यावर दोन परीक्षा. खेळ जास्त राहिला तर क्लच पूर्ण सुटत नाही. इंजिन हळू चालू ठेवा, पेडल खालपर्यंत दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. या तीन गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्याला आणि रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे दात आवाज न करता जुळवणारी रचना, नाही, त्यामुळे क्लच पूर्ण न सुटता थोडा जरी अडकत असेल तर दातांचा आवाज लगेच ऐकू येतो. दुसरी परीक्षा सरकण्याची. दगड लावलेले असू द्या, हँडब्रेक ओढा, समोर-मागे कोणी उभं नको. तिसरा गिअर टाकून क्लच सावकाश सोडा. इंजिन बंद पडलं तर पकड ठीक आहे. ते फिरतच राहिलं तर ताबडतोब पेडल दाबा. ही परीक्षा एकदाच करायची, प्रत्येक वेळी प्लेट तापते.

खेळ बरोबर असूनही क्लच सरकत असेल तर बेल हाउसिंगच्या तळाचं भोक बघा. तिथून तेल ठिबकत असेल तर प्लेट तेलाने भिजली आहे आणि गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय इलाज नाही. आवाजही ऐकायला शिका. पेडलला पाय लावताच किर्र सुरू झालं तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये, पेडल मोकळं असताना आवाज आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग.

हाउसिंग उघडलं तर आतली काळी पूड फुंकू नका, हवेचा पाइपही मारू नका. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. चाचा ती पूड जन्मभर तोंडाने फुंकत आले. त्यांच्या पोराला मी हे हात धरून सांगितलं.

ज्यांनी जीपला डिझेल इंजिन बसवलं आहे त्यांची जोडणी आणि माप वेगळं असू शकतं. बसवणाऱ्या मिस्त्रीला विचारूनच हात लावा. स्टँडर्ड हेराल्डसारख्या गाडीचा क्लच तर हायड्रॉलिक असतो. तिथे पेडल स्पंजासारखं लागलं तर तेलाची पातळी बघा, गळती शोधा आणि हवा काढा.

नट बसवल्यावर चार-पाच किलोमीटर फिरून या, गाडी थंड होऊ द्या आणि पुन्हा एकदा मोजा. मी टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत ऑइलपेंटने तारीख, खेळ आणि नटाबाहेर उरलेले आटे लिहून ठेवतो. नवी प्लेट टाकली तेव्हा नटाबाहेर अकरा आटे दिसत होते. यंदा पोळ्याला मोजले तर तीन उरलेत. नवी प्लेट आणून ठेवली आहे. शेतात सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, व्हायच्या आत गिअरबॉक्स उतरवायचा आहे.