स्वस्त फ्लॅश घेताना या चुका टाळा

गणपती आणि नवरात्र जवळ आले की बडोद्यात कॅमेऱ्यावर लावायच्या फ्लॅशची खरेदी सुरू होते. मग तक्रारीही ठरलेल्या: फायर होत नाही, फोटोत काळा पट्टा येतो, चार फोटोंनंतर दम तोडतो. यातला बराच मनस्ताप पैसे देण्यापूर्वीच टाळता येतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आपल्या कॅमेऱ्याची हॉट शू, म्हणजे वरची फ्लॅश बसवायची खाच, न बघताच फ्लॅश घेणे. साध्या मॅन्युअल फ्लॅशला (ज्याची ताकद हाताने ठरवावी लागते) फायर होण्याचा इशारा शूच्या मधल्या मोठ्या पिनमधून मिळतो. कॅननच्या ३०००डी आणि २००डी मार्क २ मध्ये ही मधली पिनच नाही. १५००डी असेल तर शूमध्ये डोकावून खात्री करून घ्या. अशा कॅमेऱ्यावर गोडॉक्स टीटी६०० सारखा लोकप्रिय, उत्तम फ्लॅश बसतो, चार्ज होतो, टेस्ट बटण दाबले की चमकतोही, पण शटर दाबल्यावर ढिम्म हलत नाही. लोक फ्लॅश बिघडला म्हणून परत करतात आणि तसाच दुसरा आणतात. तिथे कॅननसाठीचाच टीटीएल फ्लॅश (कॅमेऱ्याशी बोलून ताकद आपोआप ठरवणारा) लागतो, कारण तो बारीक पिनांमधून इशारा घेतो; त्यालाही कधी कधी फर्मवेअर, म्हणजे आतले सॉफ्टवेअर, अपडेट करावे लागते. सोनीची शू वेगळी, म्हणून त्यासाठी टीटी६००एस हे निराळे मॉडेल आहे. सरळ आपला कॅमेरा दुकानात घेऊन जा आणि त्यावरच फ्लॅश दहा-बारा वेळा मारून बघा.

घरात रीळच्या जमान्यातला जुना फ्लॅश असेल तर तो तसाच चढवू नका. काही जुन्या फ्लॅशचा ट्रिगर व्होल्टेज (फ्लॅशच्या पिनेतून कॅमेऱ्याकडे येणारा दाब) २०० व्होल्टच्याही वर असतो आणि त्याने डिजिटल कॅमेऱ्याचे सर्किट जाऊ शकते. फ्लॅश पूर्ण चार्ज करा, मल्टीमीटर डीसीवर ठेवा, एक टोक मधल्या पिनला आणि दुसरे पायाच्या बाजूच्या धातूला लावा. ६ व्होल्टच्या आत असेल तर हरकत नाही.

आता खोक्यावरचा आकडा. ‘गाइड नंबर ६०’ (गाइड नंबर म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) वाचून भुलू नका. टीटी६०० चा हा आकडा फ्लॅशचे डोके २०० मिमीवर झूम केलेले असतानाचा आहे. घरगुती समारंभात आपण २४ ते ३५ मिमी वापरतो. तिथे प्रकाश पसरतो आणि आकडा बराच खाली येतो. हिशेब सोपा आहे: गाइड नंबरला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने (एफ/४ मधला ४) भागले की मीटरमधले अंतर मिळते. समजा खरा आकडा ३० आहे. आयएसओ १०० आणि एफ/४ वर साडेसात मीटर, आयएसओ ४०० वर पंधरा. म्हणून दोन फ्लॅशची तुलना करताना दोन्हींचे ३५ मिमीचे आकडेच शेजारी ठेवा. मॅन्युअल फ्लॅशला लेन्सचा झूम कळत नाही, तो हाताने लावावा लागतो. १८ मिमीच्या लेन्सवर डोके १०५ वर राहिले की फोटोचे कोपरे काळे पडतात.

छताकडे तोंड करून मारलेला फ्लॅश छान मऊ प्रकाश देतो, पण छत पांढरे आणि साधारण तीन मीटरवर असेल तर. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात लाकडी तुळयांचे छत असेल तर तो गडद रंग प्रकाश गिळतो आणि उरलेला पिवळट-तपकिरी करून चेहऱ्यावर पाडतो. तिथे पांढरी भिंत शोधा. गरब्याच्या मैदानावर तर वर आकाशच. तिथे डोके वर करणे म्हणजे सेल जाळणे. फ्लॅशवर चढवायची प्लास्टिकची पांढरी टोपीही उघड्यावर फारशी उपयोगी नाही. आजूबाजूला प्रकाश परतवायला काही नसते, उलट फ्लॅशची ताकदच कमी होते.

समोरून सरळ मारला तर चणिया-चोळीवरचे आभले लेन्सकडे प्रकाश फेकतात आणि कपड्यावर पांढरे डाग पडतात. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून रेडिओ ट्रिगर (वायरशिवाय फ्लॅश उडवणारे यंत्र) लावा आणि डाव्या हातात, डोक्याच्या वर, थोडा बाजूला धरा. घेर फिरताना दिसायला हवा असेल तर शटर १/३०, एफ/४, आयएसओ ८००, फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१६ पासून सुरुवात करा. रिअर कर्टन सिंकने, म्हणजे शटर बंद होण्याच्या जरा आधी फ्लॅश उडवल्याने, हालचालीची रेघ मागे राहते. निकॉनमध्ये ते कॅमेऱ्यातूनच लागते. कॅननवर साध्या मॅन्युअल फ्लॅशला ते मिळत नाही. स्वस्त फ्लॅश निवडताना हेही मोजा.

फोटोत काळा पट्टा येतो तो शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत वेगवान शटरच्या) पुढे गेल्यामुळे. बऱ्याच कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० आहे. १/१६० वर राहा. फ्लॅश अजिबात पडत नसेल तर सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर चालू आहे का ते आधी बघा. दुसरा फ्लॅश स्लेव्ह म्हणून (पहिल्याच्या चमकेवर उडणारा) लावलाय आणि तो चमकतो पण फोटोत दिसत नाही? मुख्य फ्लॅश टीटीएलवर असतो, त्याच्या आधीच्या बारीक चमकेवरच एस१ या स्लेव्ह मोडमधला फ्लॅश उडून जातो. ती चमक सोडून देणाऱ्या एस२ मोडवर ठेवा.

सेलच्या बाबतीत कंजुसी नको. भिंतीवरच्या घड्याळाचे पेन्सिल सेल फ्लॅशला पुरेसा करंट देऊच शकत नाहीत, चार्ज व्हायला फार वेळ लागतो. २००० एमएएचच्या आसपासचे चार निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या, चारही एकाच वेळी विकत घेतलेले, आणि आणखी चार खिशात. फुल पॉवरवर सलग मारत राहिलात तर फ्लॅश तापून स्वतःच बंद होतो. तो गार होईपर्यंत थांबा. हंगाम संपला की सेल काढून ठेवा.

जुना फ्लॅश विकत घेताना प्रत्येक पॉवरवर मारून बघा, ट्यूब काळवंडली आहे का ते पाहा, पाय हलतोय का ते तपासा. आणि बिघडला तर घरी उघडू नका: आतल्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज उरू शकतो.