हिरडा लावताय? या चुका टाळा

दर मृगाला कुणीतरी पिशवीतलं रोप घेऊन दारात येतं. "काका, हिरडाच न्हवं?" पुष्कळदा तो बेहडा निघतो.

मेव्हण्यांनी कळंब्याला घरापासून सहा फुटांवर असंच रोप लावलं. रोपवाटिकेतल्या पाटीवर 'हिरडा' होतं. ती वाचून मीही हो म्हणालो, पानं नीट बघितलीच नाहीत. बारा वर्षांनी फळं धरली ती गोल, राखी, मखमली. बेहडा! हा अवाढव्य वाढणारा वृक्ष. शेवटी पडवीचे पत्रे काढले, पण झाडाला कुऱ्हाड लावू दिली नाही.

तेव्हापासून पाटी वाचायची नाही, फांदी बघायची. हिरड्याची पानं समोरासमोर, निदान जवळजवळ तशी, आणि कोवळ्या पालवीवर तांबूस लव. बेहड्याची पानं एकाआड एक, फांदीच्या टोकाला झुबक्यानं. देठावरच्या दोन बारीक गाठींवर विसंबू नका, त्या बेहड्यालाही असतात. फळ मिळालं तर प्रश्नच मिटला: हिरडा गुळगुळीत, वाळल्यावर पाच शिरा उठलेल्या.

दुसरी चूक बियाण्याची. काष्ठौषधीच्या दुकानातून बाळहिरडा आणून पेरतात आणि दोन महिने कुंडीला पाणी घालत बसतात. अहो, बाळहिरडा म्हणजे कोवळेपणीच वाळलेलं फळ. त्यात बी धरलेलंच नसतं, उगवणार काय? जानेवारीत झाडाखाली पडलेली पिकली फळं वेचा. मी गर काढून आठळ्या दोन दिवस पाण्यात ठेवतो, रोज पाणी बदलतो, मग पेरतो. कवच टणक, त्यामुळे उगवण सावकाश आणि थोडीच. दहा रोपं हवीत तर पन्नास आठळ्या पेरा. हातोडीनं कवच फोडायची घाई करू नका, आतला कोंब चिरडतो.

राधानगरी-शाहूवाडीच्या डोंगरात हिरडा निचऱ्याच्या उतारावर वाढतो. पंचगंगेकाठच्या काळ्या रानात खड्डा करून लावाल तर पावसाळाभर मुळं पाण्यात राहतील. तिथं उंचवट्यावर लावा.

पिशवी फाडूनच रोप लावा.

तीन वर्षांत सावली हवी असलेल्यांनी हिरड्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि फेब्रुवारीत पानं गळाली की रोप मेलं म्हणून उपटू नका. नखानं साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर बेताचं पाणी घाला आणि चैत्रापर्यंत थांबा.