होम सायन्सच्या प्रॅक्टिकलला मोबाइल कसा वापरायचा (नुसता व्हिडिओ दाखवून भागत नाही)

आमच्या लॅबमध्ये मोठा टीव्ही आला तेव्हा मीही हौसेनं पुरणपोळीचा व्हिडिओ लावला होता. मुलींनी मन लावून बघितला, जर्नलमध्ये कृती मोत्यासारख्या अक्षरात उतरवली, आणि लाटायला बसल्यावर बारातल्या नऊ पोळ्या पोळपाटावरच फुटल्या. कणीक किती सैल हवी हे टीव्हीतून बोटांना कसं कळणार. तेव्हापासून टीव्ही मी तासाच्या शेवटी लावते आणि त्यावर मुलींच्या स्वतःच्याच हाताचा व्हिडिओ असतो. ते कसं करते ते लिहिते, खर्च फार नाही.

सामान म्हणजे पाच जणींत एक फोन (कोणाकडेच नसेल तर बाईंचा, कारण बऱ्याच घरात एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो), एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल वजनकाटा आणि २०० डिग्री सेल्सिअसपर्यंत जाणारा सळीचा थर्मामीटर. ट्रायपॉड विकत घेऊ नका. दोन उंच डबे समोरासमोर ठेवायचे, वर लाकडी पट्टी आडवी टाकायची, फोन रबरबँडनं पट्टीला पक्का करायचा आणि कॅमेरा खाली पोळपाटाकडे. पीठ उडून लेन्सवर बसतं, तर दर वेळी पदराला पुसा नाहीतर सगळं धुक्यातलं दिसतं.

शूटिंग ३०-४० सेकंदांचंच, आणि फक्त हातांचं. चेहरा आला की घरून विचारणा होते आणि त्यांचं काही चूक नाही. शूट झालं की लगेच गटानं तिथंच बघायचं आणि एकच चूक शोधायची, पाच नाही. पोळीत बहुतेक वेळा हेच दिसतं की लाटणं मधेच फिरतंय, कडेपर्यंत जातच नाही, म्हणून कडा जाड राहतात. मी हे तोंडानं वर्षभर सांगत होते, काही फरक पडला नाही, पण स्वतःचा हात वरून बघितला की मुलगी आपणहून म्हणते, अय्या बाई, मी तर मधेच रगडतेय. मग लगेच दुसरी पोळी लाटायला द्या, पुढच्या आठवड्यावर ढकललं तर हात विसरतो.

शिवणात तर स्लो मोशनचा उपयोग सगळ्यात जास्त. मशीनच्या सुईपट्टीशेजारची सरकपट्टी काढायची, चाक हातानं हळू फिरवायचं (मोटर असेल तर प्लग काढून ठेवायचा, हे न विसरता), आणि शटलवर (बॉबिनभोवती, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाभोवती फिरणारा टोकदार भाग) फोन धरायचा. सुई खाली जाऊन किंचित वर येते तेव्हा दोऱ्याचा छोटा फास होतो, शटलचं टोक तो फास पकडतं आणि बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवून आणतं. टाका कसा पडतो हे माझ्या स्वतःच्या डोक्यात पण तेव्हाच नीट बसलं, कोणाला सांगू नका. हे एकदा बघितलं की कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची वेटोळी आली तर मुली बॉबिनला दोष देत बसत नाहीत, आधी वरचा दोरा नीट ओवलाय का आणि त्याचा ताण सैल आहे का ते बघतात.

आता काटा. प्रत्येकीला घरची वाटी आणायला सांगा आणि तीच भरून रव्याचं वजन करा. आमच्याकडे एकीची वाटी ११० ग्रॅमची निघाली आणि दुसरीची १७५, दोघी रोज "एक वाटी रवा" म्हणतात. उपमा तरी बिघडत नाही कारण पाणी त्याच वाटीनं मोजतो, पण मीठ अंदाजानं पडतं आणि खर्चाचा हिशेब तर पार चुकतो. म्हणून वजनं थेट फोनवरच्या शीटमध्ये भरायची, शेजारी किलोचा भाव, गुणून हजारानं भागलं की त्या जिनसाचा खर्च, सगळ्यांची बेरीज करून प्लेटच्या संख्येनं भागायचं. गॅस आणि तेल हमखास राहतं, ते आठवण करून द्या. पुढे कोणी नाष्ट्याचा स्टॉल टाकला तर हेच कामी येणार.

थर्मामीटर मी चिक्कीला वापरते. आजीची रीत आणि आकडा दोन्ही एकाच वेळी करायचं: साखरेच्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला आणि काचेसारखा कडक झाला की तेव्हाच सळी वाचायची, साधारण १४५-१५० डिग्री दिसतं. दोनतीनदा जुळलं की थर्मामीटर बाजूला ठेवायचा आणि थेंबावरून सांगायला लावायचं. सळी कढईच्या तळाला टेकवू नका, आकडा खोटा येतो. आणि उकळत्या पाकाशी फोन घेऊन कोणी वाकायचं नाही, शूटिंग लांबूनच.

घरी करायला द्यायचं असेल तर इस्त्री किती वीज खाते ते घरच्या विजेच्या मीटरवर मोजायला सांगा. मीटरवर बारीक अक्षरात एका युनिटला किती इम्पल्स ते लिहिलेलं असतं, समजा ३२००, म्हणजे लाल दिवा तेवढ्यांदा लुकलुकला की एक युनिट. फ्रिजसकट बाकी सगळं बंद करून फक्त १००० वॅटची इस्त्री लावायची आणि मिनिटभर दिव्याचा व्हिडिओ काढायचा, ५३ च्या आसपास लुकलुक मोजता येते. इस्त्री तापली की आपोआप बंद होते, तेव्हा मोजणी सुरुवातीलाच. मीटरला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.

लेबल वाचायला तर रिकामी पाकिटंच आणायला सांगा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात, त्यामुळे साखर यादीत कितव्या नंबरावर आहे तेवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. लेबलवरचा साखरेचा आकडा काट्यावर खरी साखर ओतून दाखवा, आकड्यापेक्षा ढीग पटकन कळतो. एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) १४ आकडी लायसन्स नंबर फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर आणि मिक्सर-इस्त्रीवरचा आयएसआयचा नंबर बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) केअर ॲपवर टाकून खरा आहे का बघायचा, दहा मिनिटांचं काम.

मार्क देताना पहिल्या आणि शेवटच्या प्रॅक्टिकलचा व्हिडिओ शेजारी शेजारी लावते, व्हिडिओ किती चांगला काढलाय याला शून्य मार्क. पोळी, टाका, पाक, हिशेब मात्र समोर करून दाखवावाच लागतो. फाइलला मुलीचं नाव न देता रोल नंबर द्यायचा, आणि टर्म संपली की सगळं डिलीट, बाईंच्या फोनमधून पण.