शेणाच्या डायजेस्टरला हवेचा परवाना : खड्डा खणण्याआधी अर्ज करा

पाऊस ओसरत आला की गोठामालक कोरड्या महिन्यांत काढायच्या बांधकामाचे बेत आखू लागतात. शेणावरचं मोठं डायजेस्टर, म्हणजे शेण हवाबंद कुजवून गॅस काढणारं संयंत्र, यंदा बांधायचंच असं ठरलं असेल, तर ठेकेदाराला बोलावण्याआधी हवेच्या परवान्याचे कागद काढा. जमीन सुकेपर्यंतचे आठवडे तसेही हातात रिकामे असतात, ते या कामी लावा. घरच्या चुलीपुरत्या लहान गोबरगॅस संयंत्राला हा व्याप सहसा लागत नाही. पण गोठ्यात शेकडो जनावरं असतील आणि गॅसवर इंजिन किंवा बॉयलर चालवायचा असेल, तर पुढचं वाचाच.

बरेच जण विचारतात, "डायजेस्टर तर मिथेन अडवतं, हवेचं भलंच करतं. मग परवानगी कसली?" प्रश्न रास्त आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ ते २८ पट उष्णता धरून ठेवतो, आणि शेणाच्या उघड्या तळ्यातून तो सतत सुटत असतो. पण परवाना देणाऱ्याची नजर मुख्यतः गॅस जाळल्यावर काय बाहेर पडतं त्यावर असते. शेणाच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड हा गंधकयुक्त वायू असतो, तो जळला की सल्फर डायऑक्साइड होतो. इंजिनाच्या तापलेल्या सिलिंडरमध्ये हवेतल्या नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, आणि उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन बनतो.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होआकिन खोऱ्यात ही ओढाताण स्पष्ट दिसते. तिथे गोठे दाटीने आहेत आणि डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात घाण हवा कोंडून राहते. राज्याने २०१६ साली कायदा करून गोठ्यांमधलं मिथेन २०३० पर्यंत २०१३ च्या पातळीच्या ४० टक्के खाली आणायचं लक्ष्य ठेवलं, म्हणून डायजेस्टर वाढले. पण त्याच खोऱ्यातलं हवा-नियंत्रण मंडळ इंजिनाच्या धुराचा बारीक हिशेब मागतं. दोन्ही मागण्या मला बरोबरच वाटतात. खोऱ्यातल्या पोरांच्या छातीत जाणारा धूर मिथेन वाचवलं म्हणून कमी होत नाही.

परवानगी बहुधा दोन टप्प्यांत मिळते, बांधण्याची वेगळी आणि चालवण्याची वेगळी. सॅन होआकिनमध्ये तसंच आहे, आणि भारतात १९८१ च्या हवा कायद्याखालीही स्थापनेची संमती व चालवण्याची संमती अशा दोन पायऱ्या आहेत. पहिला कागद हातात येण्याआधी पाया घातला की तुम्ही नियमभंगापासूनच सुरुवात केलेली असते. माझ्या माहितीतल्या एका गोठ्यावर स्वस्तात मिळालं म्हणून जुनं इंजिन आधीच आणून ठेवलं होतं. त्याच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा सांगणारा एकही कागद विकणाऱ्याकडे नव्हता. अर्ज तिथेच अडला, आणि इंजिन दोन पावसाळे ताडपत्रीखाली पडून राहिलं. कोटेशन मागवतानाच हा आकडा लेखी मागा. दिला नाही, तर ते इंजिन घेऊ नका.

आता आकडेमोड. अर्जाचा सगळा जीव हिच्यात आहे, म्हणून एक उदाहरण करूनच पाहू. समजा दिवसाला ५०० घनमीटर गॅस निघतो आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड २,००० पीपीएम आहे, म्हणजे दहा लाख भागांत २,००० भाग. दिवसाला १ घनमीटर हायड्रोजन सल्फाइड झाला. त्याचं वजन साधारण १.४ किलो भरतं. जळताना त्याच्या प्रत्येक किलोमागे जवळपास १.९ किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे रोज सुमारे २.६ किलो आणि वर्षाला साडेनऊशे किलोच्या आसपास. हाच गॅस गाळून १०० पीपीएमवर आणला, तर वर्षाचा आकडा पन्नास किलोच्या आत येतो. गोठा तोच, जनावरं तीच, पण अर्ज मंजूर होणं आणि परत येणं या एका गाळणीवर ठरू शकतं. हा हिशेब सल्लागाराकडून करून घ्या, पण एकदा स्वतःच्या हाताने वहीत मांडून पाहा. अधिकाऱ्यासमोर बसल्यावर उत्तरं तुम्हालाच द्यायची असतात.

इथे ऋतू आड येतो. थंडीत डायजेस्टर गारठतं, जिवाणू मंदावतात आणि गॅस घटतो. बहुतेक संयंत्रांतले जिवाणू ३५ ते ३८ अंश सेल्सियसला खुशीत असतात. फक्त हिवाळ्यातल्या मोजणीवर अर्ज भरला, तर उन्हाळ्यात परवान्यातली मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून सर्वाधिक गॅसच्या दिवसांचा आकडा धरा. संयंत्र अजून बांधायचं असेल, तर तुमच्यासारखंच खाद्य आणि तशाच पद्धतीने शेण गोळा करणाऱ्या चालू संयंत्राचे उन्हाळी नमुने मिळवा. जनावरांच्या पिण्याच्या पाण्यात सल्फेट किती आहे तेही तपासून घ्या. पाण्यातून आणि खुराकातून गेलेलं गंधकच पुढे गॅसमध्ये उतरतं, आणि ही तपासणी फार कमी लोक करतात.

नमुना घेणाऱ्याला एकट्याला पाठवू नका. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. वास येत नाही म्हणून शेणाच्या खड्ड्यात उतरलेला माणूस परत वर येईलच असं नाही. त्याला काढायला मागोमाग उतरणाराही जातो. अंगावर लावायचा गॅसमापक आधी घ्या, बाकीची खरेदी नंतर.

गंधक काढायचे दोन मार्ग जास्त चालतात. पहिला म्हणजे डायजेस्टरच्या वरच्या मोकळ्या जागेत मोजून थोडी हवा सोडणं, साधारण गॅसच्या ३ ते ५ टक्के. जिवाणू गंधक वेगळं करतात आणि आतल्या भिंतींवर पिवळट थर धरतो. हवा मापाच्या पंपानेच सोडा, कारण हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असलेलं मिश्रण ठिणगीने फुटतं. गॅस शुद्ध करून वाहिनीत किंवा वाहनात भरायचा असेल तर हा मार्ग धरू नका. हवेतला नायट्रोजन गॅसमध्येच राहतो आणि तो काढणं महाग पडतं.

दुसरा मार्ग लोहाच्या ऑक्साइडची टाकी. तांबूस गंजाचा लेप दिलेल्या लाकडी ढलप्या भरतात आणि त्यांच्यातून गॅस जातो. एकदा अशी टाकी रिकामी करताना मी शेजारी उभा होतो. बाहेर काढलेल्या ढलप्या काळ्याकुट्ट झाल्या होत्या. ढीग उन्हात तसाच ठेवून माणसं चहाला गेली, आणि ती परतण्याआधीच त्यातून धूर निघू लागला. वापरलेला माल हवा लागली की स्वतःच तापतो आणि पेटतोही. तो पाण्याने भिजवून, पातळ पसरून, गवत आणि गंजीपासून लांब ठेवा. त्याची विल्हेवाट कशी लावणार हेही अर्जात लिहा, विचारतातच.

इंजिनच हवं असेल, तर कमी इंधन आणि जास्त हवेच्या मिश्रणावर चालणारं घ्या. तेवढ्यानेही आकडा बसत नसेल, तर धुरात युरियाचं द्रावण फवारून नायट्रोजन ऑक्साइड मोडणारी जोडणी लागते. ती महाग असते आणि गंधकाने खराब होते, म्हणून गाळणी आधी. वीज विकायची निकड नसेल तर बॉयलरचा विचार करा. त्याच्या धुरात नायट्रोजन ऑक्साइड इंजिनापेक्षा बरेच कमी असतात आणि अर्ज सोपा होतो.

जादा गॅस जाळणारी ज्योत, म्हणजे फ्लेअर, अर्जात विसरू नका. इंजिन दुरुस्तीला बंद असतं तेव्हा गॅस निघायचा थांबत नाही. वर्षाला किती तास फ्लेअर चालेल याचा प्रामाणिक अंदाज लिहा. ती आपोआप पेटणारी असावी. वाऱ्याने विझली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर रात्रभर मिथेन तसंच हवेत जातं.

डायजेस्टरमधून बाहेर पडणाऱ्या स्लरीत ताज्या शेणापेक्षा अमोनियाच्या रूपातलं नत्र जास्त असतं, त्यामुळे साठवण टाकीवर झाकण घाला. शेतात देताना संध्याकाळी, वारा पडल्यावर द्या आणि लगेच मातीत मिसळा. नत्र पिकाला मिळतं आणि शेजाऱ्यांची वासाची तक्रारही येत नाही. परवान्याच्या सुनावणीत शेजाऱ्याचं एक पत्र फार जड पडतं, म्हणून अर्ज देण्याआधी त्यांना गोठ्यावर बोलावून जागा दाखवा.

परवाना मिळाला की पहिल्या दिवसापासून नोंदवही घाला : गॅसमापकाचा आकडा, गाळणीआधीचा आणि नंतरचा हायड्रोजन सल्फाइड, इंजिनाचे तास, फ्लेअरचे तास, गाळणीतला माल बदलल्याची तारीख. वही इंजिनाच्या खोलीतच दोरीने बांधून ठेवा आणि लिहिणारा माणूस एकच नेमा. मोजणीच्या यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली तो कागदही त्याच वहीत चिकटवा, कारण तपासायला येणारा पहिल्यांदा तोच मागतो.