स्टायरोफ्लेक्स कॅपॅसिटर न वितळवता सोल्डर कसा करायचा

फोनो प्रीअँपच्या (रेकॉर्ड प्लेअरचा सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटच्या) आरआयएए भागात, म्हणजे रेकॉर्डचा आवाज मूळ समतोलात आणणाऱ्या भागात, किंवा जुन्या फिल्टर सर्किटमध्ये ते चंदेरी चकचकीत कॅपॅसिटर असतात ना, त्यातले बरेचसे स्टायरोफ्लेक्स, म्हणजे पॉलिस्टायरीनचे. ऑडिओसाठी एकदम मस्त, डिस्टॉर्शन कमी आणि व्हॅल्यू वर्षानुवर्षं टिकते, पण उष्णता अजिबात सोसत नाहीत. रेटिंग साधारण 85 अंशांपर्यंतच असतं आणि 63/37 (कथील-शिशाचं) सोल्डर वितळतं 183 ला, मग विचार करा.

इथे बरेच जण घाबरून सोल्डरिंग आयर्नचं टेंपरेचर कमी ठेवतात, मीपण तेच केलं होतं. मग होतं काय, सोल्डर पटकन वितळतच नाही, आपण टिप दहा-दहा सेकंद टेकवून बसतो आणि तेवढ्यात उष्णता कॅपॅसिटरच्या पायातून (तारेतून) सरळ बॉडीत चढते. माझ्या कॅपॅसिटरची पायाजवळची फिल्म आधी धुरकट झाली, मग आकसून सुरकुतली आणि मीटर लावला तर शॉर्ट. म्हणून टेंपरेचर कमी नको, वेळ कमी पाहिजे.

आयर्न 330 ते 350 अंशांवर ठेवा, टोकदार टिपपेक्षा चपटी घ्या, स्वच्छ पुसून तिला थोडं सोल्डर लावून घ्या. पाय काळपट असेल तर आधी घासून चकचकीत करा, नाहीतर सोल्डर धरत नाही आणि उगाच वेळ जातो. कॅपॅसिटर बोर्डला चिकटवू नका, पाय सेंटीमीटरभर वर राहू द्या आणि बॉडी आणि बोर्डच्या मधे त्या पायाला क्रोकोडाइल क्लिप लावा, ती उष्णता वरच्यावर शोषून घेते. मग टिप पॅड (बोर्डवरची तांब्याची टिकली) आणि पाय दोन्हीला एकदम टेकवायची, सोल्डर द्यायचं, पसरलं की टिप काढायची, दोन सेकंदांत काम झालं पाहिजे. नाही झालं तर थांबा, पूर्ण गार होऊ द्या, मग परत. दुसरा पायसुद्धा पहिला हाताला गार लागल्यावरच करायचा, आणि क्लिप लगेच काढू नका.

ग्राउंडचा पॅड मोठ्या तांब्याला जोडलेला असेल तर तो उष्णता ओढतो, तिथे टेंपरेचर वाढवण्यापेक्षा जाड टिप लावा.

पॉलिप्रॉपिलीनवाले जास्त सोसतात, पण क्लिप त्यांनाही लावलेली बरी. जुना कॅपॅसिटर फेकायचाच असेल तर आधी पाय कापा आणि तुकडे एकेक करून काढा, पॅड वाचतात. आणि हो, आधी पॉवर सप्लायचे मोठे कॅपॅसिटर डिस्चार्ज करायला विसरू नका.

फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून वापरलेला पदार्थ) पुसायला ॲसिटोन किंवा थिनर चुकूनही वापरू नका, पॉलिस्टायरीन त्यात चक्क विरघळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशला लावून फक्त बोर्डच्या खालच्या बाजूने पुसा. बाकी सगळे पार्ट बसवून झाले की मगच हे कॅपॅसिटर लावायचे, आणि रेग्युलेटरच्या हीटसिंकला किंवा व्हॉल्व्हला (व्हॅक्यूम ट्यूबला) खेटून तर नकोच, तिथे ते रोज थोडे थोडे भाजत राहतात.