रिलेटिव्ह क्लॉजमध्ये मोडल आणि क्रियाविशेषण नेमकं कुठे बसतं?

'द रूम व्हेअर कॅन वी सिट इज अपस्टेअर्स.' माझ्याकडे इंग्रजी शिकणाऱ्या एकीने हे वाक्य लिहिलं होतं. व्हेअर बरोबर, कॅन बरोबर, स्पेलिंगची एकही चूक नाही. तरी वाक्य चुकलं, कारण कॅन एक घर आधीच येऊन बसलं. 'व्हेअर वी कॅन सिट' असं हवं होतं. रिलेटिव्ह क्लॉज, म्हणजे आपल्या मराठी व्याकरणातलं विशेषणवाक्य, तिला चांगलं येत होतं. कॅन, शुड, मस्ट ही मोडलंही येत होती. दोन्ही एकाच वाक्यात आली आणि गाडी अडली. त्यात ऑलवेज, प्रॉबबली अशी क्रियाविशेषणं शिरली की अडचण आणखी वाढते.

यावर मला एकच उपाय खात्रीचा वाटतो. क्लॉज वाक्यातून बाहेर काढा, त्याचं स्वतंत्र साधं वाक्य करा, ते तपासा आणि मग परत आत बसवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कृतीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: मराठीत जो–तो लावून पाहा

'जी मुलगी हे कुलूप उघडू शकते, ती बाहेर गेली आहे.' यातला 'जी'पासून 'शकते'पर्यंतचा भाग हा तुमचा रिलेटिव्ह क्लॉज. मराठीत तो बहुधा आधी येतो आणि मागून 'ती' त्याला उत्तर देते. इंग्रजीत क्लॉज नामाच्या लगेच मागे जातो आणि 'ती'ला जागाच उरत नाही: 'द गर्ल हू कॅन ओपन धिस लॉक हॅज गॉन आउट.' 'हू कॅन ओपन धिस लॉक, शी हॅज गॉन आउट' असं लिहिलं गेलं, तर ती शी म्हणजे आपल्या मराठीतली 'ती' आहे हे ओळखा आणि खोडून टाका.

दुसरी पायरी: क्लॉजचं साधं वाक्य करा

एक वाक्य जवळून बघू. 'जे पत्र तू काळजीपूर्वक वाचायला हवंस, ते टेबलावर आहे.' क्लॉजचं साधं इंग्रजी वाक्य होईल: 'यू शुड रीड द लेटर केअरफुली.' इथे कर्ता, मग मोडल, मग मूळ क्रियापद, मग कर्म आणि शेवटी केअरफुली असा क्रम आहे. 'रीड केअरफुली द लेटर' असं इंग्रजीत म्हणत नाहीत; क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये असं क्रियाविशेषण सहसा शिरत नाही.

आता 'द लेटर'च्या जागी विच घ्या आणि ते पुढे आणा. बाकी काहीही हलवू नका: 'विच यू शुड रीड केअरफुली'. कर्म पुढे निघून गेल्यामुळे केअरफुली आपोआप रीडच्या शेजारी आलं. पूर्ण वाक्य: 'द लेटर विच यू शुड रीड केअरफुली इज ऑन द टेबल.' रीडच्या पुढे इट लिहिण्याचा मोह होतो, पण पत्राचं काम विचने आधीच केलेलं आहे.

सुरुवातीचं वाक्यही असंच सुटतं. 'वी कॅन सिट इन द रूम' हे साधं वाक्य. 'इन द रूम' एवढ्या सगळ्याच्या जागी व्हेअर येतं, म्हणून 'व्हेअर वी कॅन सिट'. 'कॅन वी' हा प्रश्नाचा क्रम आहे आणि इथे कुणी काही विचारत नाही. व्हेअर, व्हेन हे शब्द आपण आधी प्रश्नांमधूनच शिकतो, म्हणून तो क्रम जिभेवर बसलेला असतो. इन व्हेअरमध्ये सामावलेलं असल्यामुळे शेवटी पुन्हा लावू नका. ते ठेवायचंच असेल तर 'विच वी कॅन सिट इन' म्हणा. मात्र साधं वाक्य 'वी कॅन सी द रूम' असेल, तर खोली हे नुसतं कर्म आहे. तिथे व्हेअर चालणार नाही, विच किंवा दॅट हवं.

तिसरी पायरी: मोडल निवडा

'शकतो'साठी कॅन, 'पाहिजे'साठी शुड किंवा मस्ट, इथपर्यंत सोपं आहे. खरी परीक्षा 'असेल' घेतं. 'ज्याने दार उघडं ठेवलं असेल' या मराठी शब्दांत नुसती शंकाही मावते आणि पक्का अंदाजही. फरक आपण आवाजाने दाखवतो. इंग्रजीत तो मोडलने दाखवावा लागतो. शंका असेल तर 'द मॅन हू मे हॅव लेफ्ट द डोअर ओपन', जवळजवळ खात्री असेल तर 'हू मस्ट हॅव लेफ्ट'. आधी स्वतःला विचारा की मला किती खात्री आहे, मग मोडल घ्या.

'करायला हवं होतं' यासाठी 'शुड हॅव' आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप: 'द लेटर दॅट आय शुड हॅव रिटन'. बोलताना यातलं हॅव इतकं आखडतं की कानाला ऑफसारखं लागतं आणि काही जण तसंच लिहितात. लिहिताना ते हॅवच राहतं.

नकारात जास्त जपा. 'विच यू मस्ट नॉट ओपन' म्हणजे उघडायला मनाई आहे. 'विच यू नीड नॉट ओपन' म्हणजे उघडायची गरज नाही. सूचना लिहिताना यात गल्लत झाली तर वाचणारा भलतंच करून बसेल.

कर्ता कुणीही असला तरी मोडलला एस लागत नाही आणि त्याच्यानंतर टू येत नाही. कॅन, मे, शॅल, मस्ट ही जुन्या इंग्रजीतल्या अशा क्रियापदांच्या घराण्यातली आहेत, ज्यांची वर्तमानकाळाची रूपं मुळात भूतकाळाची होती. म्हणून त्यांना तो प्रत्यय कधी चिकटलाच नाही.

चौथी पायरी: क्रियाविशेषण बसवा

ऑलवेज, ऑफन, नेव्हर, प्रॉबबली यांची नेहमीची जागा मोडलनंतर आणि मुख्य क्रियापदाच्या आधी: 'हू कॅन नेव्हर से नो'. मोडल नसेल तर थेट क्रियापदाआधी: 'हू ऑलवेज सेज येस'. इज, आर, वॉज असेल तर त्यांच्यानंतर: 'हू इज ऑलवेज रेडी'. साहाय्यक क्रियापदांची रांग लागली तर पहिल्यानंतर: 'हू शुड नेव्हर हॅव बीन लेफ्ट अलोन'. प्रॉबबली नकारात जागा बदलतं: 'हू विल प्रॉबबली कम', पण 'हू प्रॉबबली वोन्ट कम'. मेबी वाक्याच्या तोंडाशी शोभतं. क्लॉजच्या आत 'कदाचित' म्हणायचं तर 'हू माइट कम' पुरेसं आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. हे वाक्य वाचा: 'पीपल हू रीड ऑफन राइट वेल.' यातलं ऑफन कुणाचं? जे वारंवार वाचतात ते चांगलं लिहितात, की जे वाचतात ते बरेचदा चांगलं लिहितात? क्लॉज जिथे संपतो त्या उंबरठ्यावरच ऑफन उभं आहे, त्यामुळे दोन्ही अर्थ लागतात. नियम मोडलेला नाही, तरी वाचकाला तुमच्या मनातलं कळणार नाही. इथे मोडल मदतीला येतं. 'पीपल हू ऑफन रीड कॅन राइट वेल' म्हटलं की ऑफन वाचण्याचं झालं. 'पीपल हू रीड कॅन ऑफन राइट वेल' म्हटलं की ते लिहिण्याचं झालं. कॅन आल्यामुळे क्लॉज कुठे संपला हे लगेच दिसतं. क्रियाविशेषण क्लॉजच्या अगदी शेवटी येत असेल तेव्हा वाक्य मोठ्याने वाचा. कुठे थांबायचं हे ठरत नसेल तर ते आत सरकवा.

पाचवी पायरी: व्हेन आणि विल

'तू येशील तेव्हा आपण बोलू.' मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ आहे, म्हणून 'व्हेन यू विल कम, वी विल टॉक' असं सहज लिहिलं जातं. ते चूक आहे. हा रिलेटिव्ह क्लॉज नव्हे, वेळ सांगणारा क्लॉज आहे आणि त्यात भविष्यासाठी साधा वर्तमानकाळ येतो: 'वी विल टॉक व्हेन यू कम.' पण 'तू ज्या दिवशी येशील तो दिवस सांग' याचं इंग्रजी 'टेल मी द डे व्हेन यू विल कम'. इथे व्हेनच्या आधी डे हे नाम आहे, क्लॉज त्या नामाचं वर्णन करतो आणि विल चालतं.

एक बारकावा लक्षात ठेवा. मुख्य वाक्यातल्या विलने भविष्यकाळ सांगून झाला असेल, तर रिलेटिव्ह क्लॉजमध्येही बहुधा साधा वर्तमानकाळ येतो. 'जो उशिरा येईल त्याला उभं राहावं लागेल' याचं 'एनीवन हू कम्स लेट विल हॅव टू स्टँड'.

स्वल्पविरामाचं थोडक्यात: 'माय ब्रदर हू कॅन स्विम' म्हणजे अनेक भावांपैकी पोहता येणारा, ब्रदरनंतर स्वल्पविराम दिला तर भाऊ कोण ते आधीच ठरलेलं आहे आणि पोहणं ही जादा माहिती. अशा स्वल्पविरामानंतर दॅट वापरत नाहीत.

आता तीन वाक्यं स्वतः करून पाहा, उत्तरं खालीच आहेत.

'जे पत्र मी कधीच पाठवायला नको होतं.'
'ज्या माणसाला बहुधा उत्तर माहीत असेल.'
'जिथे आपण नेहमी शांतपणे बोलू शकतो अशी जागा.'

'द लेटर दॅट आय शुड नेव्हर हॅव सेंट.'
'द मॅन हू विल प्रॉबबली नो दि आन्सर.'
'अ प्लेस व्हेअर वी कॅन ऑलवेज टॉक क्वाएटली.'