गावातली नोटीस वाचायची कशी, आणि वाचून झाल्यावर करायचं काय

आमच्या गावच्या ग्रुपवर ग्रामसभेची नोटीस कशी येते सांगू का, शिपाई मोबाईल तिरका धरून बोर्डाचा फोटो काढतो, वरचं 'ग्रामपंचायत कार्यालय' तेवढं ठळक, खालची तारीख कापलेली, आणि तो फोटो उघडायच्या आत त्याच्यावर चाळीस गुड मॉर्निंग आणि एक 'म्हैस विकणे आहे'. मग सभा झाली की दुसऱ्या दिवशी टपरीवर सुरू, "आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई". मी पण त्यातलाच. मागं तलावातल्या गाळाचं पत्रक असंच ग्रुपवर येऊन गेलं, मी वरवर बघितलं, बघू उद्या म्हणलं, आणि तारीख होऊन गेल्यावर शेजारच्या रानात ट्रॅक्टरच्या खेपा चालल्यात ते बांधावर बसून मोजत होतो.

तेव्हापासून मी नोटीस खालून वर वाचतो, आणि तुम्ही पण तशीच वाचा. सगळ्यात खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून यादी असते, तहसीलदार, गटविकास अधिकारी, पोलीस पाटील वगैरे. ती यादी कुणी वाचत नाही पण तिथंच कळतं की हा कागद अजून कुठं कुठं गेलाय, म्हणजे आपल्या पंचायतीत "आमच्याकडं आलंच नाही" म्हणले तर दुसरीकडं कुठं जाऊन बघायचं. त्याच्यावर सही, कुठल्या ऑफिसची आहे ते. मग शेवटची तारीख. मग जावक क्रमांक, हा लिहूनच घ्या, पुढच्या प्रत्येक अर्जात "आपले पत्र जा.क्र. अमुक" असं टाकलं की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो. एवढं बघून झालं की मग वरचा मजकूर वाचा, तोपर्यंत तो अर्धा कळलेला असतो.

आता ग्रामसभा. वर्षात किमान चार घ्यायला लागतात, आपल्याकडं साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास. नोटीस सात दिवस आधी लागते, आणि सभेच्या आधी महिलांची वेगळी सभा पण घ्यायची असते, ती बऱ्याच ठिकाणी नुसती सह्यांपुरती होते. कोरम म्हणजे गावातल्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी तो. ५०० मतदारांचं गाव असेल तर ७५ माणसं पाहिजेत. आता खरी गंमत इथं आहे, कोरम भरला नाही की सभा 'तहकूब' होते आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही. म्हणजे पहिल्या दिवशी पावसाचं, लग्नाचं, कांदा काढणीचं कारण सांगून आपण गेलो नाही की पुढच्या सभेत पंधरा माणसं बसून ठराव करतात आणि तो ठराव पक्का असतोय. त्यामुळं नोटिशीत 'तहकूब ग्रामसभा' हे दोन शब्द दिसले की सगळी कामं सोडून जावा, पहिल्या सभेपेक्षा ती महत्त्वाची.

विषय मांडायचा असेल तर ऐनवेळी उभं राहून ओरडण्यात काही नाही, 'ऐनवेळचे विषय' येईपर्यंत अर्धं गाव उठून गेलेलं असतं. दोन-चार दिवस आधी साधा अर्ज करा, अर्ध्या पानाचा, एकच विषय, दोन प्रती, एक त्यांना द्या आणि दुसरीवर आवक नंबर, शिक्का, तारीख मारून घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरून चाला. भाऊसाहेब (आता त्यांचं पद 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय पण भाऊसाहेब ते भाऊसाहेबच) मिटिंगला गेलेत, शिक्का कपाटात आहे, असं झालं तर भांडत बसू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. आणि सभेत ठराव झाला की तो प्रोसिडिंग बुकात कसा लिहिलाय ते आठवड्याभरात जाऊन वाचा, कारण बोललेलं आणि लिहिलेलं यात कधी कधी चांगलं कोसभर अंतर असतं.

पैशाचं विचारायचं असेल तर हे लक्षात ठेवा, पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी गावाला येत आला त्यातला ६० टक्के पैसा बांधलेला, म्हणजे तो पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यावरच खर्च करायचा, पेव्हर ब्लॉक आणि कमानीवर नाही. गावचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराजच्या साईटवर आणि मेरी पंचायत ॲपवर दिसतो, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, वर्ष निवडायचं, बस. आमच्या इथं एका पोरानं तो खर्चाचा तक्ता ग्रुपवर टाकला त्या दिवशी पहिल्यांदा कुणी गुड मॉर्निंग टाकलं नाही.

पाण्याच्या नोटिशीला लोक सगळ्यात हलकं धरतात आणि मला वाटतं तीच रोजच्या उपयोगाची. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावातल्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि त्यावरून ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं, हिरवं म्हणजे धोका कमी, पिवळं मध्यम, लाल म्हणजे साथ कधी पण येऊ शकते. सलग पाच वर्षं हिरवं टिकलं तर चंदेरी. आपल्या गावाचं कार्ड कुठलं हे विचारायला लाजू नका. टाकीत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) टाकली का नाही ते घरबसल्या कळतं, नळाच्या पाण्यात ओटीचे (क्लोरीन तपासायचं औषध) दोन-चार थेंब टाकले आणि पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर जलसुरक्षकाला, म्हणजे गावचं पाणी बघणाऱ्या माणसाला फोन. ही बाटली आशाताईकडं किंवा पंचायतीत असते. आणि जलजीवनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे, त्या पाच कोण हे आपल्या गावात विचारून बघा, कधी कधी त्या पाच जणींनाच माहीत नसतं.

पुराची नोटीस. हे २०२५ च्या सप्टेंबरनंतर मी जरा जास्त लिहिणार, सीनेच्या काठच्या माणसानं का ते सांगायला नको. आमच्या सोलापूर जिल्ह्यात माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर सोलापूर, सगळीकडं सीनेचं पाणी घुसलं आणि त्याआधी मेसेज आले नव्हते असं नाही, आले होते, पण 'इतके हजार क्युसेक विसर्ग' वाचून आमच्यासारख्याला काय कळणार. तर ऐका, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी. हे पाठ करून पण उपयोग नाही, उपयोग याचा आहे की अमुक क्युसेकला आपल्या गावात पाणी कुठवर येतं. त्यासाठी पुलाच्या खांबावर, देवळाच्या पायरीवर ऑइल पेंटनं खूण करा आणि शेजारी तारीख आणि त्या दिवशीचा विसर्ग लिहून ठेवा. पुढच्या वेळी मेसेज आला की आकडा त्या खुणेशी जोडायचा, लगेच कळतं जनावरं सोडायची का थांबायचं. भीमेच्या काठाला असाल तर नुसतं उजनी बघून चालत नाही, नीरेवरच्या वीर धरणातून सोडलेलं पाणी पण नीरा नरसिंहपूरच्या संगमाला भीमेत येतं आणि पंढरपुरात दोन्ही मिळून पोचतं. सीनेच्या पुराला तर उजनीचा फारसा संबंध नाही, तिथं सीना कोळेगाव, चांदणी, खासापुरी इकडचे आकडे बघायचे. माझ्या ओळखीचा एक जण उजनीचा मेसेज बघून निवांत होता, त्याचं रान सीनेला.

उजनीचं अजून एक, बाहेरच्या पाव्हण्यांना हे कळत नाही, धरण 'मायनस'मध्ये गेलं म्हणजे कोरडं पडलं असं नाही. एकूण साठा ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफूट) आसपास, त्यातला ६३ च्या वर मृतसाठाच, म्हणजे तळातलं पाणी आहे, टक्केवारी काढतात ती वरच्या उपयुक्त साठ्यावर. त्यामुळं उन्हाळ्यात पाणी सोडायच्या नोटिशीत उणे टक्के दिसले की नदीकाठच्या मोटारींची वीज कधी बंद होणार ती ओळ शोधा, असतेच बहुतेक. बाकी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, मोबाईलमध्ये आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी सचेत ॲप आणि पडणाऱ्या विजेसाठी दामिनी ॲप टाकून ठेवा, दोन्ही फुकट.

राज्य सरकारचं पर्यावरणाचं माझी वसुंधरा अभियान २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं, भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी पंचतत्त्वं आणि त्यावर गावाला मार्क. कल्पना चांगली आहे, आमच्याकडं मात्र त्याचा अर्थ झाड लावतानाचा फोटो. त्याच खड्ड्यात दर वर्षी नवं रोप, खड्डा तेवढा जुना. आपल्या जिल्ह्यात पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटर आणि त्यातला खरा जोर सप्टेंबरला, जुलैत नुसतं वारं. म्हणून मे महिन्यात खड्डे काढून तापू द्या, जुलैत कार्यक्रम करायचाच तर टँकरची सोय आधी ठरवा, नाहीतर सरळ सप्टेंबरच्या पावसाची वाट बघा. कडुनिंब, चिंच, करंज, वड, बोर एवढी बास, गुलमोहराचा सोस नको. रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मिळतात, ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर आधी मागणी द्या.

आणि एक कळकळीची विनंती, माळरानावर झाडं लावू नका. तिथं काही नाही असं आपल्याला वाटतं पण नान्नजचा माळढोक, काळवीट, लांडगा हे सगळे गवताळ माळावर राहणारे. माळावर दाट झाडी म्हणजे त्यांच्या घरात आपण भिंत घातल्यासारखं. नान्नजचं अभयारण्य १९७९ चं, आधी ८,४९६ चौरस किलोमीटर एवढं मोठं जाहीर झालं होतं, नंतर ते १,२२२ च्या आसपास आलं, आणि मधली वर्षं जमिनीच्या व्यवहारावरून लोकांचा त्या बिचाऱ्या पक्ष्यावरच राग. म्हणून अभयारण्याच्या भोवतीच्या क्षेत्राची प्रारूप अधिसूचना असं काही निघालं तर ते पत्रक शेवटपर्यंत वाचा, हरकतीला ६० दिवस असतात, गट नंबर तपासा आणि म्हणणं लेखी द्या. जखमी जनावर दिसलं तर वनखात्याचा नंबर १९२६.

सांडपाण्याचं थोडक्यात. शोषखड्डा तीन बाय तीन बाय तीन फुटाचा घ्या असं पत्रकात असतं, पण काळ्या मातीत तेवढ्यावर थांबलात तर तो खड्डा महिन्याभरात डबकं होतो, काळी माती पाणी सोडत नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जा. पाचट पेटवू नका, कुट्टी करून सरीत दाबा, नोटीस निघो न निघो.

गाळमुक्त धरण योजनेत (माझी चुकलेली) मशीन आणि डिझेलचा खर्च सरकारकडून, वाहतूक आपली, आणि लहान शेतकऱ्याला एकरी जास्तीत जास्त १५,००० रुपये, अडीच एकराला ३७,५०० पर्यंत अनुदान. गाळ टाकायच्या आधी रानाचा मुरमाड भाग कुठला ते ठरवा, भारी काळ्या रानात अजून गाळ टाकून काय करणार.

राहिली जनसुनावणी, म्हणजे कारखाना काढायच्या किंवा वाढवायच्या आधी पर्यावरणाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायची सभा. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळं विस्तारवाढ, डिस्टिलरी याच्या नोटिसा पेपरात येतातच. सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी दोन पेपरात जाहिरात द्यायला लागते, एक देशभरातला आणि एक इथला. इथेनॉलच्या काही प्रकल्पांना सुनावणीतून सूट आहे, तेव्हा आधी सुनावणी होणार आहे का ते बघा. असेल तर मराठीतला सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि ग्रामपंचायतीत ठेवलेला असतो, तो मागून घ्या. सगळा वाचू नका, तीन गोष्टी शोधा, पाणी कुठनं घेणार, मळीचं काळं पाणी कुठं साठवणार, आणि चिमणीतली राख कुठं जाणार. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग होतं, आणि कोरम नसतो, म्हणजे दहा माणसं आली तरी ती झाली असं धरतात. भाषण ठोकू नका, "माझी विहीर गट नंबर अमुक, कारखान्यापासून इतक्या अंतरावर, पाण्याची तपासणी कोण आणि कधी करणार" असं बोला. आणि जेवणाची पाकिटं वाटायला लागले की उठून जाऊ नका वो, कारण शेवटी लोकांचे मुद्दे मराठीत वाचून दाखवायला लागतात, आपला मुद्दा त्यात आला नाही तर तिथंच हात वर करून लिहून घ्यायला लावायचा. तिथं राहिला की मग राहिलाच. बोलायला जमत नसेल तर लेखी द्या, तेवढंच चालतं.

एवढं करून उत्तर आलं नाही तर आपले सरकार पोर्टलवर तक्रार, नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाही, ३० दिवसात उत्तर. प्रश्न "का केलं नाही" असा विचारू नका, "माझ्या आवक क्रमांक अमुकच्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीची प्रत द्या" असं विचारा. म्हणून तर म्हणलं, पोच घ्या.

आणि ग्रुपवर टाकणाऱ्यांनी फोटो सरळ काढा, सही आणि तारीख आली पाहिजे, आणि फोटोखाली अर्ध्या मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून टाका, काय आहे, कधी आहे, कुणाला भेटायचं. आमच्या अक्काला वाचता येत नाही पण व्हॉइस मेसेज ती दोनदा ऐकते आणि मग सगळ्या गल्लीला सांगते, दवंडी बंद झाल्यापासून ते काम तिच्याकडंच आहे.